झीज धरून

"चिमणीला मी घेऊन जाते."

मीठ सरकवा म्हणावं, तितक्या साध्या आवाजात वन्सं हे बोलल्या आणि पुढचं उकडलेलं अंडं सोलायला लागल्या. वहिनीच्या हातातली वाढायची पळी तिथंच अडकली.

"कुठं?" तिनं नणंदेला विचारलं. "बाजारात?"

"सराव केंद्रात. माझ्याजवळ राहील. उद्या सकाळी निघायचंय मला."

सगळं घर जेवायला जमलं होतं ते कौतुकासाठी. वन्संनी शेवटची स्पर्धा जिंकली होती आणि जिंकल्या जिंकल्या ‘आता पुरे’ म्हणून जाहीरही करून टाकलं होतं. देशात कुठल्याही बाईनं लोखंडी गोळा त्यांच्याइतका लांब फेकला नव्हता, आणि हे इतकी वर्षं चाललं होतं की वर्तमानपत्रवाले मथळा तोच ठेवून फक्त तारीख बदलत असतील, असं धाकटा दीर म्हणायचा. आता त्या केंद्रातल्या मुलींना शिकवणार होत्या. इथपर्यंत वहिनीचं काही म्हणणं नव्हतं. दुसऱ्यांच्या मुलींना खुशाल शिकवावं.

चिमणी मान खाली घालून जेवत होती. नाव चिमणी, पण सतरा वर्षांची ही पोर दारातून वाकून जायची आणि पिठाचं पोतं काखेत मारून जिना चढायची. नाव ठेवलं तेव्हा मुठीएवढी होती. पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला कळतं?

तेवढ्यात वहिनीची नजर वन्संच्या मानेवर गेली. उजव्या कानाखाली, जबड्याला लागून, एक काळपट चट्टा. वर्षानुवर्षं गोळा टेकून पडलेला. तिनं तो हजारदा पाहिला होता. पण गेले दोन महिने नेमकी तीच जागा बघून ती लेकीवर खेकसत होती, ‘मान घासत जा गं, घोडी झालीस तरी सांगावं लागतं!’ पोर मुकाट्यानं मान घासायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"अगं बाई!" वहिनीनं पळी भांड्यात टाकली. "मळ नव्हताच तो! कधीपासून चाललंय हे?"

"तू दुपारी झोपलीस की," चिमणी ताटाशी बोलल्यासारखी म्हणाली.

"गोळा कुणी दिला?"

याला उत्तराची गरज नव्हती. घरात गोळा एकच. वन्सं शाळेत होत्या तेव्हा मामंजींनी तो स्वतःच्या हातानं ओतला होता. कारखान्यातल्या काचेच्या कपाटात कुलपात असायचा, तेल लावायचं तर तेही मामंजीच लावणार. लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं तो काचेतूनच पाहिला होता. सगळ्यांनी मामंजींकडे बघितलं. मामंजी पेल्यातल्या पाण्यात काहीतरी शोधत होते.

"मामंजी, तुम्हीसुद्धा?"

"मी फक्त किल्ली दिली," म्हातारा म्हणाला.

वहिनीचा नवरा आता कुठं घास गिळून मोकळा झाला. "दांडगे, आधी मला विचारायचं होतंस," तो बहिणीला म्हणाला. घरात वन्संना दांडगीच म्हणायचे. "बाप आहे मी तिचा."

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास, दादा?"

"म्हणालो असतो, हिला विचार." त्यानं बायकोकडे हात केला.

धाकटा दीर खो खो हसला. हा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी असायचा आणि त्या चार दिवसांत बहिणीची बाजू घ्यायचा. "जाऊ दे की वहिनी. पोरीच्या अंगात दम आहे. इथं राहून काय करणार, पोती उचलणार?"

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा. तुमचे कपडे धुवायला टाकलेत तेवढे मोजून घ्या."

"मुलीची जात आहे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "एकदा आम्ही भोगलंय. पुन्हा नको." वहिनीला बरं वाटलं. सासूबाई तिच्या बाजूला असं वर्षातून एकदाच व्हायचं.

"ऐका," वहिनी म्हणाली आणि उभी राहिली. "तुम्ही सगळ्यांनी पदकं पाहिलीत. मी खांदा पाहिलाय. ऑपरेशन झालं तेव्हा वन्संचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता, केस मी विंचरले. गुडघा सुजला की शेकत मी बसले. ठरलेलं लग्न मोडलं, ते लोक ‘ही बाई आहे की बाप्या’ म्हणून हसत जिना उतरले, तेव्हा मोरीत नळ सोडून कोण रडत होतं तेही मलाच ठाऊक. जगानं टाळ्या वाजवल्या आणि जग आपापल्या घरी गेलं. या आल्या त्या माझ्याकडे आल्या. उद्या माझ्या पोरीचे केस कोण विंचरणार आहे?"

वन्संनी सोललेलं अंडं ताटात ठेवलं.

"खोटं नाही त्यात काही," त्या म्हणाल्या. "वहिनींनी सांगितलं ते कमीच आहे."

आता या बाईशी भांडायचं तरी कसं! भांडायला दुसऱ्यानं थोडं तरी वाकडं बोलायला हवं. वहिनीला तिचा रागच आला.

"मला कुणी विचारणार आहे का?" चिमणी म्हणाली. तिचा आवाज मुळात बारीक, एवढ्या देहातून तो यायचा तेव्हा नवीन माणूस मागं वळून बघायचं. "मी वर्गात शेवटच्या बाकावर बसते, कारण पुढं बसले तर मागच्यांना दिसत नाही. फोटोत मला मागं उभं करतात. तू मला नखं वाढवायला लावलीस, रंग लावलास, जरा मुलीसारखी दिस म्हणालीस. मी लावला. पण तो गोळा हातातून सुटतो ना आई, तेव्हा वाटतं, मी जेवढी आहे तेवढीच हवी होते. जास्त नाहीये मी."

वहिनीच्या काळजात हललं. पण आईचं काळीज हललं की ती आधी दार लावून घेते. तिनं विचारलं, "किती जातो गोळा? केंद्रात घेतात तेवढा जातो?"

पोर खरं बोलणारी. "नाही. हातभर कमी पडतो. रोजच."

हे ऐकलं मात्र, वहिनीनं डाव साधला. "वन्सं, तुम्हीच ना मुलाखतीत सांगता, केंद्राचं अंतर मी शाळेत असतानाच घरच्या गोळ्यानं पार केलं होतं म्हणून? मग हिनंही करावं. आत्ता, सगळ्यांसमोर, त्याच गोळ्यानं. तीनदा टाकू दे. पोचला तर घेऊन जा, मी डबा करून देईन. नाही पोचला, तर या घरात हा विषय पुन्हा निघणार नाही."

"याच गोळ्यानं?" वन्संनी विचारलं.

"याच."

वन्संनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. काहीतरी बोलतील असं वाटलं. पण "ठीक आहे" म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

कारखाना घराला लागूनच होता. तीन पिढ्या या घरानं दुकानदारांच्या तराजूची लोखंडी वजनं ओतली. आता काट्यांचे आकडे विजेवर दिसू लागले आणि वजनांना कुणी विचारेना, म्हणून यंत्रांचे सुटे भाग ओतायचे. भट्टी आज बंद होती. मागच्या अंगणात साच्याची काळी वाळू पसरलेली होती. दिरानं टेप धरली, नवऱ्यानं केंद्राच्या अंतरावर वाळूत काठीनं रेघ मारली. मामंजींनी कुलूप काढून गोळा आणला, दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्यांचे हात हल्ली कापायचे.

"आधी तू एकदा टाक," ते लेकीला म्हणाले. "पोरीला बघू दे."

"अहो, तिचा गुडघा!" सासूबाई ओरडल्या.

"एकदाच," वन्सं म्हणाल्या आणि चपला काढल्या.

आता खोटं वाटेल, पण इतक्या वर्षांत वहिनीनं नणंदेला प्रत्यक्ष गोळा फेकताना एकदाही पाहिलं नव्हतं. स्पर्धेला सगळे जायचे, घरी कुणीतरी राहायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे वहिनी. टीव्हीवर दाखवायचे ते पापणी लवेपर्यंत. तिच्या वाट्याला पदकं यायची, तीसुद्धा पुसायला.

वन्संनी रेघेकडे पाठ केली. गोळा बोटांच्या मुळाशी घेतला, उचलून मानेत बसवला, बरोबर त्या चट्ट्यावर. कोपर वर. मग ती चाळिशीला आलेली, गुडघ्याला पट्टी बांधलेली, जिना चढताना कठड्याला धरणारी बाई खाली वाकली, इतकी खाली, की वहिनीला वाटलं आता ही उठत नाही. आणि मग कुणी सांगावं काय झालं! एक पाय मागं झेपावला, ती मागच्या मागं वाळूवरून सरकली, अंग फिरलं, आणि पायाच्या अंगठ्यापासून निघालेलं काहीतरी मांडीतून, कमरेतून, पाठीतून चढत त्या हातात आलं आणि हात सुटला. तोंडातून असा हुंकार निघाला की भिंतीवरची मांजर पळाली. गोळा वर गेला. जड वस्तू आहे हे तो स्वतःच विसरला की काय कोण जाणे, तो वरच राहिला. मग रेघेच्या कितीतरी पलीकडं, पार भिंतीपाशी, धप्प! वहिनीच्या तळपायांना जमीन हललेली कळली.

वहिनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मोठ्या पाण्यापुढं उभं राहिलं की जसा धाक वाटतो आणि तरी हलवत नाही, तसं तिचं झालं. ही? हिचे केस मी विंचरले? ही माझ्या ओट्यापाशी उभी राहून कपभर चहा मागते? आपल्याच घरात एवढं मोठं काही राहत होतं आणि आपण त्याचे टॉवेल वाळत घालत होतो, हे तिला पहिल्यांदा कळलं. डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती दिराच्या हातातल्या टेपकडे बघत राहिली.

"आई गं," चिमणी पुटपुटली.

"तू ये," वन्संनी तिला बोलावलं. "माझ्यासारखं करू नकोस. तुझं तू कर."

पहिला गोळा दीड हात कमी पडला. दुसरा हातभर. तिसऱ्या वेळी पोर डोळे मिटून उभी राहिली, अशी की आजूबाजूला कुणीच नाही. आणि फिरली तेव्हा वहिनीला लेकीच्या पाठीत आत्ताच पाहिलेलं ते काहीतरी चढताना दिसलं. तसंच. अगदी तसंच, फक्त अजून वाट चुकत होतं. गोळा रेघेच्या अलीकडं पडला. वीतभर अंतर राहिलं.

दिरानं टेप लावायची म्हणून लावली. कुणी आकडा विचारला नाही. चिमणीनं मधलं बोट मुठीत दाबून धरलं होतं. लांब नख मुळापासून तुटलं होतं.

"झालं," नवरा म्हणाला. "ठरलं ते ठरलं." पण आवाजात जिंकल्याची खूण नव्हती. सासूबाईंनी नातीला जवळ घेतलं आणि सुनेकडे अशा काही नजरेनं पाहिलं की बाजू कधी बदलली ते त्यांनाही कळलं नसेल. "किती थोडक्यात," त्या म्हणाल्या. "एवढं तरी सोडून द्यायचं."

"सोडून कसं देणार?" मामंजी म्हणाले. "माप ते माप."

वन्सं लंगडत गेल्या, वाळूतून गोळा उचलला आणि परत आल्या. बापाच्या हातात त्यांनी तो दिला नाही. भावाच्याही नाही.

"वहिनी, धरता जरा?"

वहिनीनं ओंजळ पुढं केली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. वजन साच्यातून निघतं तेव्हा बुडाशी एक पोकळी असते. तिच्यात वितळलेलं शिसं ओतून वजन खरं करायचं, हे काम या घरात सुनेचं. तराजू पुढ्यात घेऊन, छोट्या पळीनं थेंब थेंब शिसं घालत वहिनी बसायची. हजारो वजनं तिच्या हाताखालून गेली. नंतर नंतर काटा बघावा लागत नसे, तळहातच सांगायचा.

तळहातानं आत्ताही सांगितलं.

चार किलो नव्हे. मुलींचा गोळा चार किलोचा, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक. हा पुष्कळ जड होता.

तिनं गोळा एकदा डाव्या हातात घेतला, पुन्हा उजव्या. वर पाहिलं. कुणाला कळलं नव्हतं. मामंजींच्या कापऱ्या हातांना आता वजन कळत नव्हतं. नवऱ्यानं जन्मात पेनापेक्षा जड काही उचललेलं नाही. दीर टेप गुंडाळत होता. वन्सं खाली वाकून चपलेचा पट्टा लावत होत्या आणि एका पट्ट्याला लागावा त्याहून कितीतरी जास्त वेळ लावत होत्या.

गप्प बसावं. बस, एवढंच करायचं होतं. गोळा कपाटात जाईल, कुलूप लागेल, पोर घरात राहील. खांदा शाबूत, गुडघा शाबूत. फोटोत मागं उभी राहील. शेवटच्या बाकावर बसेल. वहिनीनं लेकीकडे पाहिलं. चिमणी रडत नव्हती. रेघेकडे बघत नुसती उभी होती आणि तिचे ते थोराड खांदे आतल्या बाजूला वळले होते, जागा कमी लागावी म्हणून.

"मामंजी," वहिनी म्हणाली, "हे वजन खोटं आहे."

या घरात याच्याइतकं वाईट वाक्य दुसरं नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. "माझं वजन? खोटं? काय बोलतेस, सूनबाई!"

"तराजू काढा."

जुनी तागडी काढली. एका पारड्यात गोळा, दुसऱ्यात दोन-दोन किलोची दोन वजनं, याच घरची, शिक्का मारलेली. गोळ्याचं पारडं दाणकन खाली बसलं. नवऱ्यानं वर पाव किलोचं ठेवलं. पारडं ढिम्म. ते काढून अर्धा किलोचं ठेवलं तेव्हा कुठं काटा मधे येऊन उभा राहिला.

"साडेचार," दीर म्हणाला. "बाबा! अख्खा अर्धा किलो!"

मामंजी काट्यावर वाकले. मग म्हणाले, "झीज धरली होती."

"काय?"

"झीज रे! वजन वापरून झिजतं, म्हणून नवं करताना जरासं भर घालून करतात. आपल्या घरातून कमी काही जात नाही. आणि ही तर रोज जमिनीवर आपटणार. म्हटलं, बरीच झीज होईल, शिसं जास्त घालू." त्यांनी गोळ्यावरून हात फिरवला. "मला वाटलं, एव्हाना झिजून चारावर आला असेल."

"वाळूत पडून लोखंड झिजतं होय!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. मग दीर हसला, नवरा हसला, मामंजींचे कापरे खांदे हसण्यानं आणखी कापू लागले. चिमणीला कशाला हसायचं ते उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा तिनं तोंडावर हात घेतला.

वहिनी हसली नाही. ती नणंदेसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्या स्पर्धेपासून," वन्संनी सांगितलं. "तिथला गोळा हातात घेतला तर वाटलं, चुकून लहान मुलांचा दिला. बाबांना काही बोलले नाही. त्यांनी एवढ्या हौसेनं ओतलेला."

"मग आत्ता तरी बोलायचं! जेवताना बोलायचं! मी ‘याच गोळ्यानं’ म्हणाले तेव्हा तोंडाला काय कुलूप लागलं होतं?"

"बोलले असते तर तुम्ही हरला असता, वहिनी. हरलेल्या आईची मुलगी घेऊन जायची नव्हती मला."

"आणि मी गप्प बसले असते तर?"

"तर उद्या एकटी गेले असते." वन्सं म्हणाल्या. "पण तुमच्या हातातून खोटं वजन गेलेलं मी कधी पाहिलं नाही."

रागवावं की या बाईच्या गळ्यात पडावं? जगाला जिंकून आलेली ही बाई आपल्यापुढं हरायला तयार उभी होती, आणि तेही काही न बोलता. गोळा फेकला तेव्हा वाटलं त्याहून मोठी ती तिला आता वाटली.

"माझ्या पिशवीत चारचा आहे," वन्सं म्हणाल्या. "चिमणी पुन्हा टाकेल. तुमच्या समाधानासाठी."

"काही नको," वहिनी म्हणाली. "अर्धा किलो जास्तीचा टाकून वीतभर कमी पडला. खरा कुठं जाऊन पडेल ते मला आकडा लावून सांगायला नको." आणि ती घरात निघून गेली.

"रागावली," नवरा म्हणाला. "आता दोन दिवस अबोला."

पण वहिनी परत आली. हातात नेलकटर होतं. कट्ट्यावर बसली आणि तिनं लेकीला हाक मारली.

"ये इकडे. हात दे."

चिमणी पुढ्यात बसली. तो हात वहिनीनं मांडीवर घेतला. तिच्या स्वतःच्या हातापेक्षा दीडपट मोठा. एकेक रंगवलेलं नख ती कापू लागली, अगदी मांसाला लागून, आणि तुटलेल्या बोटाशी आली तेव्हा तिनं त्यावर हलकेच फुंकर घातली. वन्सं शेजारी येऊन टेकल्या, दुखरा गुडघा पुढं पसरून.

"वन्सं," वहिनी मान वर न करता म्हणाली, "पोर झिजणार. मला ठाऊक आहे. तुम्ही कितीही जपलंत तरी झिजणार. मामंजींनी गोळ्यात भर घातली ना, तशी मीही हिच्यात सतरा वर्षं घालत आलेय. झीज धरूनच पाठवतेय. पण परत आणाल तेव्हा तोलून घेईन, सांगून ठेवते. या दोन हातांनी."

"घ्या," वन्सं म्हणाल्या, आणि देशासमोर कधी न रडलेली ती बाई तळहातानं डोळे झाकून बसली.

"रडू नका. उठा, जाऊन फणी घेऊन या," वहिनी म्हणाली. "हिच्या केसांचा गुंता कसा सोडवायचा ते शिकून घ्या आधी." आणि तिनं लेकीचा दुसरा हात मांडीवर ओढला.